खाड्याचे दोन रुपये: ठाण्याच्या खानावळीत घडणारी प्रेमकथा

विधवा नायिकेची ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की पहिल्या प्रकरणात बांगड्या फुटणार, दुसऱ्यात न्हावी येणार, तिसऱ्यात कोनाड्यातलं रडणं, असा अंदाज वाचक बांधूनच बसतो. ही कादंबरी तांदळाच्या हिशेबानं सुरू होते. साल १८९३, गाव ठाणं, खारकर आळीतलं एक जुनं घर. सगुणा सव्वीस वर्षांची, मूलबाळ नाही, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. पडवीत नऊ जणांची पंगत बसते: कोर्टातले कारकून, कलेक्टर कचेरीतले उमेदवार आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या माल कचेरीतला एक जण. दर महिना ६ रुपये, दोन्ही वेळचं जेवण.

हा माल कचेरीतला माणूस, दिनकर, पुढे नायक होतो. तो आवडू लागतो ते खाड्याच्या प्रसंगात, आणि अख्ख्या पुस्तकात इतकं नेमकं दुसरं काही नाही. खानावळीत जेवणारा गावाला गेला तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापून घेतो, तो खाडा. दिनकर दहा दिवस गावी जातो आणि महिनाअखेर पूर्ण ६ रुपये ठेवतो. सगुणा हिशेब मांडते: ६ रुपये म्हणजे ९६ आणे, तीस दिवसांना भागून दिवसाला ३ आण्यांहून जरासं जास्त, दहा दिवसांचे बरोबर २ रुपये. ती ते कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या पाटाशी ठेवते. तो पुढच्या महिन्यात परत खाडा कापत नाही, ती परत पुडी ठेवते. चार महिने हे चालतं. पाचव्या महिन्यात तो खाडा कापून ४ रुपये ठेवतो आणि ती पुडी बांधत नाही. दोघं एकमेकांशी पैशांबद्दल एक अक्षर बोललेली नाहीत. तिला उपकार नको आहेत हे त्याला कळलं, एवढंच घडलंय. प्रेमकथेत याहून मोठी कबुली क्वचित वाचायला मिळते, आणि ती केवळ अंकगणितावर उभी आहे.

लेखिकेला खानावळीचा धंदा आतून ठाऊक आहे. नऊ भोजनभाऊ (महिन्याचे पैसे देऊन जेवणारे), सगुणा आणि वरकामाची एक बाई, अशी अकरा तोंडं. माणशी एका वेळेला एक चिपटं तांदूळ, दिवसाला दोन चिपटी. तेव्हाचं कैली माप, म्हणजे धान्य भरून मोजायचं माप, असं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. म्हणजे अकरा जणांना रोज साडेपाच शेर आणि महिन्याला १६५ शेर, अर्थात सव्वाएकेचाळीस पायल्या. कादंबरीतला भाव पायलीला ५ आणे धरला तर १२ रुपये १४ आणे १ पैसा होतात, आणि वहीत नेमका तोच आकडा आहे. करून बघा, पैशाचाही फरक पडत नाही. ५४ रुपयांच्या जमेतला हा सर्वांत मोठा खर्च. त्याखाली डाळ, गोडं तेल, जळण, पाणक्याची मजुरी, पत्रावळी. खरी गळती कुठे होते तेही लेखिकेनं पकडलंय: एकादशीला भात कमी लागतो म्हणून सगुणा खूश होते आणि उपासाच्या फराळात दुप्पट तूप जातं. दोन दिवस आधी सांगितलं तरच खाडा धरायचा, हा नियम ती सहाव्या महिन्यात करते. तोवर जेवायला न आलेल्यांचा शिजवलेला भात वाया जायचा आणि खाडाही कापला जायचा, म्हणजे दुहेरी मार.

अशा पुस्तकात पुढे एका ठिकाणी मोलकरणीच्या हातावर पंचाहत्तर पैसे ठेवले जातात तेव्हा फार वाईट वाटतं. रुपयाचे शंभर पैसे झाले १ एप्रिल १९५७ पासून. सगुणाच्या काळी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. तिनं बारा आणे दिले असते.

आता कल्हईचं प्रकरण. खानावळ बुडायची वेळ येते ती दिराच्या कारस्थानानं, असं नवखा लेखक लिहील. इथे ती येते आमटीच्या पातेल्यामुळे. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा नसला की चिंच, आमसूल, ताक यांची आम्लता धातूला लागते. पदार्थ कळकतो, कडेला हिरवट झाक येते, खाणाऱ्याला मळमळून उलट्या होतात. रोजच्या घासण्यानं मुलामा दोन-तीन महिन्यांत झिजतोच आणि सगुणा तो वेळेवर करून घेणारी आहे. मग चुकलं कुठे? कल्हईवाल्यानं कथलात शिसं मिसळलेलं असतं. ताजी कल्हई चकचकीत दिसते, पण बोट फिरवलं की काळसर डाग येतो. घाईत तिनं बोट फिरवलेलं नसतं. तिघे आजारी पडतात आणि आळीत बोललं जातं की विधवेच्या हातचं बाधलं.

इथून पुढची वीसेक पानं उत्तम आहेत. सगुणा सफाई देत बसत नाही. ती कल्हईवाल्याला अंगणात बसवते आणि भोजनभाऊंच्या समोर सगळी भांडी पुन्हा करून घेते. चिंच आणि वाळूनं भांडं घासून कोरडं करणं, भात्यानं फुललेल्या निखाऱ्यांवर ते फिरवत तापवणं, नवसागराची पूड टाकताच उठणारा पांढरा धूर, कथलाची कांडी टेकताच वितळलेला थेंब, कापसाच्या बोळ्यानं एका दमात तो आतून पसरवणं आणि मग पाण्यात चर्रर्र. क्रम अचूक आहे. भांडं कमी तापलं तर कथील गोळा होऊन बसतं, जास्त तापलं तर पिवळं पडतं, हेसुद्धा आलंय. प्रत्येक भांड्यावर बोट फिरवून ती ते पुढच्या माणसाच्या हातात देते. दिनकर ते घेतो, बघतो, पुढे देतो. तिची बाजू घेऊन भाषण करत नाही. लेखिकेचा हा संयम शेवटपर्यंत टिकला असता तर!

केशवपनाचा विषयही या कादंबरीनं वेगळ्या अंगानं घेतलाय. कर्मठ घरात विधवेनं सोवळ्याचा स्वयंपाक करायचा तर ती केशवपन झालेली, आलवणातली (विधवेच्या तांबड्या लुगड्यातली) हवी. सकेशा विधवेच्या हातचं पाणीही सोवळ्यात चालत नसे. म्हणजे डोक्यावर केस ठेवले की पोट भरण्याचा सर्वांत जवळचा मार्ग बंद. वपनाचा हा आर्थिक फास मराठी ललित लेखनात फारसा ठसठशीत आलेला नाही. सगुणाचे केस आहेत. त्यामुळे तिच्याकडे नऊच जण येतात, पलीकडच्या आळीतल्या आलवणवाल्या काकूंकडे बावीस. काकूंना लेखिकेनं खलनायिका केलेलं नाही, हे फार चांगलं झालं. बाजारात भाव पडल्याचा निरोप त्याच पाठवतात आणि सगुणाच्या घरचं पाणी मात्र पीत नाहीत. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं वपन करायचं नाही असं ठरवलं होतं. सगुणाच्या घरी न्हावी का आला नाही, याचं उत्तर कादंबरी तिथून घेते. तो न्हावी मुंबईहून परतलेला असतो. दोन परिच्छेदांचं पात्र, पण विसरत नाही.

ठाण्यातल्याच चेंदणीची कोळीण, जानकी, मीठ आणि वाल घेऊन येते. तिच्या समाजात विधवेचा पाट लावतात, त्यामुळे पुन्हा लग्न म्हणजे काय अरिष्ट हे तिला समजतच नाही. पुनर्विवाहाची बंदी ही सगळ्या समाजाची रीत नव्हती, वरच्या म्हणवणाऱ्या जातींची होती, हे व्याख्यान न देता इथे उमगतं. तिची बोली मात्र लेखिकेनं कानानं ऐकलेली वाटत नाही. आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, शब्दाच्या मधल्या ‘ड’चा ‘र’ होतो: डोला, पानी, गारी. जानकी एका वाक्यात डोला म्हणते आणि पुढच्यात डोळा. चेंदणीत आजही ही बोली बोलणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून तिचे संवाद एकदा वाचून घ्यायला हवे होते.

या कथेचा कणा कायद्यात आहे. तो न समजता वाचलं तर सगुणा उगाच आढेवेढे घेते असं वाटेल. १८५६च्या पंधराव्या कायद्यानं हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर झाला, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं एक अट घातली. पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला पोटगीचा किंवा वारशाचा हक्क संपतो, जणू ती मेली असं धरून मिळकत पुढच्या वारसाकडे जाते. सगुणाचा नवरा भावापासून विभक्त झालेला होता, म्हणून घर तिच्याकडे आलं. एकत्र कुटुंब असतं तर तिला राहायला जागा आणि पोटगी, इतकंच मिळालं असतं. घर आलं तेही हयातीपुरतं, खऱ्या गरजेशिवाय विकता न येणारं. त्या घरात खानावळ. दिनकरशी लग्न म्हणजे पडवी गेली, चूल गेली, विहीर गेली. दीर याच दिवसाची वाट बघत बसलाय.

पण वैधव्यात स्वतःच्या कष्टानं मिळवलेलं धन हे स्त्रीधन, त्यावर तिचा पूर्ण हक्क. म्हणून एकोणिसावं प्रकरण वाचाच. सगुणा रात्री भांडी मांडून बसते. डावीकडे सासरची, उजवीकडे तिनं घेतलेली. सासरच्या भांड्यांवर सासऱ्याचं नाव घातलेलं आहे. तिच्या भांड्यांवर काहीच नाही, कारण विधवेनं भांड्यावर नाव कुणाचं घालायचं हे तिलाच ठरवता आलेलं नव्हतं. मोठं तपेलं घरचं, दोन पातेली तिची, परात तिची, पाटा-वरवंटा घरचा, अकरा वाट्या तिच्या. उजवी बाजू सोळा माणसांच्या स्वयंपाकाला पुरते का, याचा ती अंदाज घेते. पुरत नाही, एक तपेलं कमी पडतं. लग्नाला होकार द्यायच्या आधी ती ते तपेलं विकत घेते आणि त्यावर स्वतःचं नाव घालून घेते. पोस्टाच्या बचत बँकेतून, जी १८८२ पासून सुरू झालेली होती, ती त्यासाठी पैसे काढते. सावकाराकडे पैसे न ठेवता पोस्टात ठेवण्याचा तिचा निर्णय सातव्या प्रकरणात येऊन गेलेला असतो आणि तेव्हा साधा वाटतो.

संबोधनांचं काम बारकाईचं आहे. बाकीचे भोजनभाऊ तिला वहिनी म्हणतात. दिनकर काहीच म्हणत नाही. पान वाढलं का, आज आमटी वेगळी झाली, दार लावून घ्यावं, अशी तू आणि तुम्ही दोन्ही टाळणारी वाक्यं तो दोनशे पानं बोलतो. मराठीत ही सोय आहे आणि संकोचलेली माणसं ती वापरतात. पहिल्यांदा तो तुम्ही म्हणतो ते वाक्य भाताबद्दलच आहे, तरी तिथे थांबावं लागतं. म्हणूनच याच दोघांच्या तोंडी दोनदा आलेलं ‘धन्यवाद’ खटकतं. त्या काळच्या घरगुती बोलण्यात तो शब्द असा येत नाही.

ठाण्याच्या वाचकाला आणखी काही ठिकाणी ठेच लागेल. १८९४ साली दिनकर पारसिकच्या मोठ्या बोगद्यातून कल्याणला जातो. तो बोगदा १९१६ साली वापरात आला. त्याआधी कल्याणची गाडी मुंब्र्यावरून, डोंगराला वळसा घालून जायची. तो वळसा, खाडीचं पाणी आणि लहान बोगदे लिहिले असते तर प्रवास लांबलाही असता आणि दोघांच्या मनातली घालमेलही त्यात मावली असती. मराठी ग्रंथ संग्रहालयातून दिनकर तिच्यासाठी पुस्तक आणतो, हा प्रसंग गोड आहे, पण तो फेब्रुवारी १८९३ मध्ये घातलाय. संस्था स्थापन झाली १ जून १८९३ ला. प्रसंग पावसाळ्यात नेला की काम झालं. उलट पुण्यात ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, लग्न केल्याची बातमी ठाण्यात पोचते, तो भाग बिनचूक आहे. त्यापाठोपाठ त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातल्याचीही बातमी येते. पंगतीत दोन तट पडतात, आमटी निवते आणि सगुणा वाढायला बाहेर येत नाही.

सोवळ्याच्या आमटीत टोमॅटोही घातलाय. त्या स्वयंपाकघरात आंबटपणा चिंचेचा, आमसुलाचा किंवा ताकाचा. जिनं कल्हईचं प्रकरण लिहिलं, तिच्या हातून ही चूक व्हायला नको होती.

जागांचं वर्णन मात्र पायी फिरून केलेलं दिसतं. मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचं देऊळ, जांभळी नाक्यावरचा बाजार, किल्ल्यातला तुरुंग यांची एकमेकांपासूनची अंतरं बरोबर आहेत. सगुणा भाजीला किती वाजता निघते आणि कधी परतते हे चालून बघितलं तरी जुळतं.

तिसरा भाग प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला. पुढच्या काही महिन्यांत रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली, माणसं गाव सोडून पळाली. खानावळीत तोवर नवाचे चौदा झालेले असतात, त्या चौदाचे तीन होतात. मग सगुणा टिकणाऱ्या जिनसांकडे वळते: मेतकूट, भाजणी, पापड. मेतकुटाचा तिचा पहिला घाणा दोन कारणांनी फसतो. मेथी डाळींबरोबरच भाजली, ती आधी करपली आणि सगळं कडू झालं. दळण कोमट असतानाच बरणीत भरलं, आत घाम धरला, गुठळ्या झाल्या आणि आठ दिवसांत वास आला. दुसऱ्या घाण्याला ती प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते, मेथी शेवटी आणि मंद निखाऱ्यावर, आणि पीठ रात्रभर परातीत पसरून ठेवते. हे प्रमाण-कृतीसकट इतकं स्वच्छ लिहिलंय की स्वयंपाक येणाऱ्याला त्यावरून करता येईल. प्लेगची भीती मात्र पानं भरून सांगितलीय आणि तरी अंगावर येत नाही. रिकामी पडवी आणि उताणे ठेवलेले अकरा पाट, एवढ्या चित्रात ती सगळी होती.

आणि मग पेटी उघडते. शेवटच्या चाळीस पानांत पहिल्या नवऱ्याचं मृत्युपत्र सापडतं, घर तिच्याच नावे राहतं, दीर तोंडात मारल्यासारखा गप्प होतो, लग्न त्याच पडवीत लागतं. हे कायद्यात अगदीच बसत नाही असं नाही. १८५६च्या कायद्यात मृत्युपत्राचा विचार आहे: लग्नाची मुभा स्पष्ट न देता फक्त मर्यादित हक्क दिला असेल तर पुनर्विवाहानं तो जातो, पूर्ण मालकी दिली असेल तर गोष्ट वेगळी. लेखिकेनं मृत्युपत्रातली भाषाच दिलेली नाही, त्यामुळे कायदा जाणणारा वाचक अडकतो. एका वाक्यात ही अडचण सुटली असती. सुटणारी नाही ती दुसरी अडचण. ज्या बाईनं तपेलं विकत घेऊन भाड्याच्या जागेत खानावळ हलवायची तयारी केली, जागा बघून ठेवली, चुलीची माती आणून ठेवली, तिला ऐन वेळी मेलेल्या माणसाच्या सहीनं घर मिळतं. मग एकोणिसाव्या प्रकरणातली ती रात्र कशासाठी होती? उजवीकडची भांडी घेऊन ती आळीतून बाहेर पडताना दिसायला हवी होती, आणि काकू दारात उभ्या. तेवढ्यासाठी तीनशे पानं जमीन नांगरलेली आहे.

दिनकरचंही शेवटी नुकसान होतं. खाड्याच्या पुडीतून जो शिकला, तोच अखेरच्या प्रकरणात दिराशी वाद घालतो, वकील गाठतो, वह्या स्वतःकडे घेतो. सगुणा बाजूला उभी राहून ऐकते. नव्या आवृत्तीत निदान ती वही तरी तिच्या हातात परत द्यावी.

छपाई स्वच्छ आहे, बांधणी शिवणीची आहे, पुस्तक उघडं पडून राहतं. शेवटी जुन्या मापांचं आणि नाण्यांचं कोष्टक नाही, ते हवं होतं. वर दिलेलं चिपटं ते मण एवढं कागदावर उतरवून पुस्तकात ठेवलं तरी चालेल. शब्दार्थांच्या यादीत सोवळं, आलवण आहेत, पण खाडा आणि भोजनभाऊ नाहीत. आज मेस म्हणणाऱ्या वाचकाला हेच दोन शब्द अडतील.

विकत घ्यावी की वाचनालयातून आणावी? एकोणिसाव्या प्रकरणासाठी आणि कल्हईच्या वीस पानांसाठी घरात असावी, असं ठाम मत आहे. वाचक गटात एकत्र वाचणार असाल तर दोन बैठका ठेवा. पहिलीत लग्नाच्या होकारापर्यंत थांबा आणि सगुणानं आता कुठे राहावं, कोणती भांडी न्यावी, भाडं किती परवडेल हे वहीतल्या आकड्यांवरून ज्याचं त्यानं मांडावं. आकडे सगळे पुस्तकात आहेत. पेटी त्यानंतरच्या बैठकीत उघडा.